दळणाचा नंबर

आमच्या ह्यांना ओळ मोडलेली खपत नाही. पंगतीत कोणी मधेच पाट सरकवून बसला तरी ह्यांचा घास घशात अडकतो. लग्नानंतर माझी समजूत होती की हा स्वभाव आहे. मग कळलं, ही नोकरी आहे. रघुवीर हे ह्यांचं नाव, आणि इंदूरच्या मिलमध्ये हे टाइम कीपर होते. फाटकाजवळच्या खिडकीत बसायचं, भोंगा झाला की फाटक बंद करायचं, मग बाहेर कामगारांवरचा जॉबर राहिलेला असो की मॅनेजरचा मेहुणा. मेहुण्याला एकदा खरंच बाहेर ठेवलं आणि त्यापायी ह्यांची बढती गेली. हे ती गोष्ट अजून कौतुकाने सांगतात, आणि मी अजून ऐकते.

मग मिलच बंद झाली. भोंगा वाजायचा थांबला तरी बरेच दिवस लोक वेळेवर फाटकापाशी येऊन उभे राहायचे, आणि हे त्यांच्यात सगळ्यांत आधी. पुढे लोक पांगले. कोणी हातठेला घेतला, कोणी कुल्फी विकायला लागला. आमचा मुलगा अभिराम पोलोग्राउंडच्या कारखान्यात लेथवर लागला. ह्यांच्यासाठी माझ्या भावाने राजवाड्याजवळच्या कापडाच्या दुकानात जागा बघून ठेवली होती. दुकान चांगलं, शेठ ओळखीचा, बसायला गादी. हे नाही म्हणाले. का, तर म्हणे इंदूरला हवा राहिली नाही. अहो, हवा इतकी वर्षं कुठे होती? मिलच्या धुराखाली आमच्या दोरीवरचे कपडे काळे व्हायचे, तेव्हा ह्यांना हवा दिसली नाही.

ती हवा ह्यांना सापडली खजूरखेडीत. गौतमपुऱ्याच्या अलीकडे फाटा आहे, तिथून आत. तिथला चक्कीवाला चक्की विकून इंदूरलगतच्या राऊला निघाला होता. राऊला कॉलन्या पडत होत्या, त्याला सिमेंटचं दुकान टाकायचं होतं. ह्यांनी हातातलं होतं नव्हतं ते त्या चक्कीत घातलं. म्हणजे लोक गावातून शहराकडे निघालेले आणि आम्ही दोघं डोक्यावर ट्रंका घेऊन उलटे. मी इंदूरची, नंदलालपुऱ्यात वाढलेली. मी ह्यांच्याशी बोलणंच सोडलं. चार दिवसांनी परत सुरू केलं, कारण त्या गावात मराठी बोलायला दुसरं कोणी नव्हतं.

खजूरखेडीची वस्ती किती, ते मला विचारू नका. पण गावात कोण कोण राहतं ते मी डब्यांवरून सांगते. पटेलांकडून गव्हाची गोणी यायची, बाफल्यांसाठी, म्हणजे इकडच्या उकडून भाजलेल्या बाट्यांसाठी, जाडसर दळा म्हणून निरोपासकट. ठाकुरांच्या रावळ्यातून, म्हणजे वाड्यातून, धान्य नोकराबरोबर यायचं आणि नोकर गप्प उभा राहायचा, कारण बोलायचं काम त्याला सांगितलेलं नसायचं. किराणावाले जैन चण्याची डाळ आणायचे, दिवस मावळायच्या आत दळून हवी म्हणायचे. न्हाव्याला वर्षाचं धान्य घरोघर मिळायचं, तेव्हा त्याच्या डब्यात एकाचा गहू, दुसऱ्याची ज्वारी आणि तिसऱ्याचे किडके हरभरे सुखाने एकत्र नांदायचे. गावकुसाबाहेरच्या बलाई मोहल्ल्यातल्या बायका मका आणायच्या, डबे लहान लहान. आणि आम्ही, दक्षिणी. गावात सगळ्या मराठी माणसांना दक्षिणीच म्हणतात. बाकी प्रत्येक जातीची गल्ली होती, आमचं एक दार होतं.

जुन्या चक्कीवाल्याने जाताना किल्ली दिली आणि क्रम सांगितला. सकाळी पटेल आणि रावळा. मग वाणी. मग तेली, न्हावी, कुंभार. बलाई सगळ्यांत शेवटी, दिवस कलताना. कारण काय, तर चक्कीत आधीच्याचं पीठ थोडं राहतंच आणि ते पुढच्याच्या डब्यात उतरतं. चक्कीच्या दगडी पाटांच्या मधे बसलेलं असतं, कापडी तोंडाला चिकटलेलं असतं, कितीही झटका. म्हणून शेवटी बलायांचं दळण झालं की चक्की झाडायची. त्यासाठी प्रत्येक बलाई बाईने जास्तीची एक मूठ धान्य दारातल्या टिनात टाकायचं. ते धान्य चक्कीतून काढायचं आणि ते पीठ म्हशीला घालायचं, म्हणजे सकाळी पटेलांसाठी चक्की साफ. बलायांचं पीठ बलायांच्याच धान्याने कसं पुसलं जातं, हे मला कोणी समजावलं नाही. म्हशीने कधी हरकत घेतली नाही.

ह्यांनी क्रम ऐकून घेतला, मान हलवली आणि दुसऱ्या दिवशी ट्रंकेतून बिल्ले काढले. मिलमधले पितळी बिल्ले, कामगारांचे नंबर कोरलेले. मिल बंद झाली तेव्हा लोकांनी मोटारी नेल्या, तांब्याच्या तारा नेल्या. आमच्या ह्यांनी फाटकावरच्या साहेबांना विचारून कचऱ्यातले बिल्ले आणले. आता चक्कीच्या दाराशी फळी ठोकली, खिळे मारले, बिल्ले टांगले. जो आधी येईल त्याला पहिला बिल्ला, त्याचं दळण आधी. जास्तीची मूठ बंद.

मी म्हटलं, आपण इथे पोट भरायला आलोय, गाव सुधारायला नाही. हे म्हणाले, मी कुठे सुधारतोय? मी फक्त ओळ लावतोय. आणि खरं सांगते, ते खोटं बोलत नव्हते. बलाई मोहल्ल्यात हे कधी पाणी प्यायले नाहीत. संक्रांतीला धापूबाईने तिळाचे लाडू आणून दिले, ते ह्यांनी हात जोडून घेतले, कपाटावर ठेवले, आणि पुढे मुंग्यांनी संपवले. मी विचारलं तर म्हणे, तूप सोसत नाही. तिळाच्या लाडवात तूप कुठलं आलंय?

ही धापूबाई बलाई मोहल्ल्यातली. मुली फार झाल्या, आता पुरे, असं आईबापांना वाटलं की ह्या बाजूला मुलीचं नाव धापू ठेवतात. ही पाचवी होती. अंगाने काटकुळी, पहाटे उठणारी. बिल्ल्याची गोष्ट सगळ्या गावात तिला सगळ्यांत आधी कळली. दार उघडायच्या आत ती पायरीवर येऊन बसायची, पहिला बिल्ला घ्यायची आणि लुगड्याच्या पदराला बांधायची. दळण होईपर्यंत ती तो चाचपत राहायची. पहिल्यांदा तिचा मका आधी पडला तेव्हा ती हसली, आणि मग तोंडावर पदर घेतला.

थोडे दिवस गावाने चालवून घेतलं. दक्षिणी आहे, नवा आहे, समजेल. पटेलांचा गडी दुपारचा यायचा, तेव्हा ओळ नसायची, बोभाटा झाला नाही. झाला तो पटेलांच्या घरच्या लग्नात.

अंबाराम पटेल त्या दिवशी सकाळीच स्वतः आले, मागे बैलगाडी, गाडीत गव्हाच्या गोण्या. सगळ्या गावाला बाफले जेवायला घालायचे होते. पायरीवर धापूबाई, डब्यात मका. पटेल गोड बोलले. हे ब्राह्मण नाहीत, पण मराठी आणि चष्मेवाले, म्हणून गाव ह्यांना पंडितजी म्हणायचं. पंडितजी, पेला आपणो काम कर दो, म्हणजे आधी आमचं काम करा, असं पटेल म्हणाले. ह्यांनी त्यांच्या हातात दुसरा बिल्ला ठेवला. पटेलांनी तो उलटा करून पाहिला. धापूबाई उठून उभी राहिली होती, म्हणत होती की त्यांचं होऊन जाऊ द्या, मला काही घाई नाही. तिने डब्याला हातसुद्धा घातला. हे म्हणाले, मधे ओळ सोडता येत नाही, आणि तिचा मका वरच्या टोपल्यात ओतून मोकळे झाले. मोटर सुरू. पिवळं पीठ पडायला लागलं. मी आत कपाळाला हात लावून बसले होते.

पटेलांनी बिल्ला ओट्यावर ठेवला आणि गाडी वळवली. 

गाव करील ते राव काय करील. दवंडी नाही, पंचायत नाही, पण दुसऱ्या दिवशी गोणी आली नाही. रावळ्याचा नोकर आला नाही. मग वाणी. मग न्हावीसुद्धा, ज्याच्या डब्यात सगळं गाव कालवलेलं असायचं. शेवटी धापूबाई आली ती डबा न घेता. तिच्या घरची माणसं पटेलांच्या सोयाबीनमध्ये मजुरीला. चक्कीवर जाल तर शेतावर येऊ नका, असं त्यांना सांगितलं होतं. एक दिवस बिल्ला तिच्या पदरातच राहून गेला होता, तो तिने पायरीवर ठेवला, हातात दिला नाही, आणि गेली.

हे वेळेवर दार उघडायचे, वेळेवर बंद करायचे. मधल्या वेळात फळीसमोर खुर्ची टाकून बसायचे. टोपल्यावर चिमण्या बसायला लागल्या. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, म्हणतात ते मी रोज डोळ्यांनी बघत होते. मी म्हटलं, पटेलांकडे जा, दोन शब्द बोला. तर म्हणे, काय बोलू? त्यांचा नंबर दुसरा होता. मी म्हटलं, मग दिवाळीच्या आत हे लोखंड विकून इंदूरला चला, ती गादी अजून रिकामी आहे. तर हे एकदम ओरडले, इंदूरला नाही. इतक्या वर्षांत माझ्यावर हे कधी ओरडले नव्हते. मला रडू आलं, आणि रडू आलं म्हणून रागही आला.

मी मनाशी ठरवलं. आठवडी हाटाच्या दिवशी टेम्पोत बसले आणि गौतमपुऱ्याला गेले. ह्यांना सांगितलं, दोरा-सुई आणायचीये. जायचं होतं तिथल्या चक्कीवाल्याकडे, आमची मोटर आणि पाट घेतोस का विचारायला.

चक्की हाटाच्या मागे होती. ही गर्दी. चक्कीवाला डोक्यापासून पायापर्यंत पांढरा, कानात कापूस, कोणाच्या तोंडाकडे बघत नव्हता. डबा पुढे आला की ओतायचा, पीठ भरलं की ढकलायचा. ओळ पार निंबाच्या झाडापर्यंत. आणि ओळीत कोण? आमची खजूरखेडी. आमच्या वाण्याची डाळ होती, मागे न्हाव्याचा डबा, रावळ्याचा नोकर त्याच्या मागे. गावात एकमेकांच्या सावलीचा हिशेब ठेवणारी माणसं इथे मुकाट्याने पाठीला पोट लावून उभी होती. प्रत्येक जण वेगळीकडे बघत होता. कोणी झाड बघत होता, कोणी कुत्रं.

पुढे पटेल होते. लग्नातून उरलेल्या त्यांच्या गोण्या आज दळून निघत होत्या. आणि त्यांच्या बरोबर पुढे, अगदी पुढे, धापूबाई.

माझ्या डोळ्यांदेखत तिचा मका टोपल्यात पडला. पीठ झालं, तिने डबा उचलला, चुंबळ ठेवली, चालायला लागली. चक्कीवाल्याने ना झाडलं, ना मूठ मागितली. त्याच टोपल्यात पटेलांचा गहू ओतला, आणि कापडी तोंडातून पहिलं पीठ पडलं ते पिवळं.

तेवढ्यात पटेलांनी मला पाहिलं.

माझं तोंड इंदूरला आमच्या गल्लीत प्रसिद्ध होतं. नगरपालिकेच्या नळवाल्याला मी भर रस्त्यात सुनावलेलं आहे. आता तर अख्खं गाव ओळीत उभं होतं, एक वाक्य पुरलं असतं. पण त्या वाक्याने पटेलांचं पीठ फुकट गेलं असतं, आणि मार धापूबाईला बसला असता. ती अजून निंबापर्यंतही पोचली नव्हती. मी जवळ गेले आणि हळूच म्हटलं, "गेहूं अच्छा है, पटेल साहब. जरा पीला उतर रिया है."

पटेलांनी पिठाकडे पाहिलं. मग दूर जाणाऱ्या त्या डब्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे.

"मालवी गहूं है," ते म्हणाले. "पीलो ही वे."

मी म्हटलं, हो ना, पिवळाच असतो. आणि दोरा-सुई घेऊन घरी आले. मोटरीचं काही विचारलं नाही.

त्याच आठवड्यात पटेलांचा गडी गोणी घेऊन आला. ह्यांनी बिल्ला दिला, त्याने घेतला. मागोमाग वाणी, मग न्हावी. पटेलांनी गावच्या चौपालीवर सांगितलं होतं म्हणे, की पंडितजींनी पाटांना छिन्नीने नवी टाकी लावून घेतली, आता चक्की नवीच झाली, जुनं काही राहिलं नाही, आणि बिल्ल्याचं म्हणाल तर गौतमपुऱ्यालाही तसंच चालतं. पाटांना कोणी छिन्नीसुद्धा लावलेली नव्हती. हे मला विचारायला लागले, टाकी कधी लावली? मी म्हटलं, तुम्ही झोपला होतात. ह्यांचा विश्वास बसला नाही, पण फळीवरचे बिल्ले भराभर उतरत होते, तेव्हा पुढे विचारलं नाही.

सगळे आले. बलाई मोहल्ल्यातल्या दोघी-तिघीही यायला लागल्या, शेवटी शेवटी, दिवस कलताना, आपल्या आपणच. धापूबाई तेवढी आली नाही. हे सकाळी दार उघडायचे आणि आधी पायरी बघायचे. पहिला नंबर आला का गं, असं मला विचारायचे. मिलमध्ये कोणाची हजेरी चुकली तर विचारायचे तसं. आता मजुरीची भीती नव्हती, पटेलांनी काही म्हटलं नसतं. तरी ती हाटाच्या दिवशी डोक्यावर डबा घेऊन आमच्या दारावरून टेम्पोकडे जायची, मान खाली घालून.

एकदा मी तिला अडवलंच. म्हटलं, आमचं काही चुकलं का? तिने डबा उतरवला नाही, तशीच उभी राहिली.

"वां म्हने कोई नी पेचाणे, बाई," ती म्हणाली. "थारे यां पेलो नंबर लूं, तो सगळो गाम म्हने देखे."

तिथे मला कोणी ओळखत नाही. इथे पहिला नंबर घेतला तर सगळं गाव मला बघतं. एवढं बोलून ती टेम्पोकडे गेली. मला इतकं वाईट वाटलं, की आमटीत मीठ दोनदा पडलं.

जेवताना मी ह्यांना ते जसंच्या तसं सांगितलं. मला वाटलं हे म्हणतील, नंबरात लाजायचं काय. ह्यांनी हातातला घास ताटात ठेवला. मिठाचं कारण नव्हतं, ते त्यांना कळलंच नव्हतं.

"राजवाड्याच्या त्या दुकानात बसलो असतो ना, शालू," हे म्हणाले, "तर रोज कोणीतरी मिलवाला आला असता. ज्याला मी एका मिनिटासाठी बाहेर ठेवलं, तो. टाइम कीपर साहेब, जरा तो लट्ठा दाखवा. मग त्याच्यासमोर मी ठाण उलगडायचं." पाणी प्यायले. "इथे मला कोणी ओळखत नव्हतं."

हवा म्हणे. दोन वर्षं मी त्या हवेवरून ह्यांना बोलत होते. नवरा म्हणून समोर बसलेला माणूस फाटकाबाहेर उभा आहे, हे मला एका दळणवालीने सांगेपर्यंत कळलं नाही. मला ह्यांच्या पाठीवरून हात फिरवावासा वाटला. पण आमच्यात तशी पद्धत नाही, म्हणून मी भात वाढला.

पुढच्या हाटाला मी घरचा गहू निवडला, डबा भरला, चुंबळ केली आणि निघाले. हे मोटरीजवळ होते, त्यांना दिसलं नाही. गावाला दिसलं. चक्कीवाल्याची बायको दळण घेऊन परगावी निघाली, ही बातमी मी फाट्याला पोचायच्या आत फाट्यावर पोचली होती. न्हावी तर तोंडावर हसला. हसू दे.

टेम्पोत धापूबाई होती. तिने माझ्या डब्याकडे पाहिलं, मग मला विचारलं, तुम्ही कुठे? मी म्हटलं, आमच्याकडे लाइट नाही. मागे आमची मोटर चालू असल्याचं फाट्यापर्यंत ऐकू येत होतं. धापूबाईने ते नीट ऐकून घेतलं. मग ती सरकली, आणि माझ्या डब्याला पायाशी जागा करून दिली.

गौतमपुऱ्याला ओळीत ती पुढे, मी मागे. चक्कीवाल्याने तिचा मका ओतला, माझा गहू ओतला. कोणाच्या तोंडाकडे पाहिलं नाही. परत येताना आम्ही तिच्या सुनेबद्दल बोललो, माझ्या अभिरामबद्दल बोललो. फाट्यावर उतरल्यावर ती तिच्या वाटेने गेली, मी माझ्या.

संध्याकाळी त्या पिठाच्या पोळ्या केल्या. ह्यांनी पहिला तुकडा मोडला आणि चष्म्याजवळ धरला.

"पिवळी दिसतेय."

"हो."

"मका कोणाचा?"

"धापूबाईचा," मी म्हटलं. "तिच्या मागे माझा नंबर होता."

 नंबर होता म्हटल्यावर ओळ मोडणं ह्यांच्या हातून होणार नव्हतं. तुकडा भाजीला लावला, तोंडात घातला, सावकाश चावला. ती पोळी संपवली. मग ताट जरा पुढे सरकवलं आणि दुसरी मागितली.